प्रश्न तुमचे: तंत्रज्ञान विद्यापीठ आमच्या काय कामाचे?

मागच्या अंकात पवईची आयआयटी, लोणेऱ्याचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आणि अशा मोठ्या संस्थांचे आपल्या मुलखाशी असलेले नाते यावर लेख होता. त्यावर बरीच पत्रे आली. निम्म्याहून जास्त पाण्याची होती, म्हणून सुरुवात पाण्यापासूनच.

आमच्या गावात नळयोजना झाली, उद्घाटन झाले, आणि फेब्रुवारी सरला की नळ कोरडे. लोकसंख्या 1,500, घरे 300. विहीर 6 मीटर व्यासाची. ठेकेदार म्हणतो, ऑक्टोबरात चाचणी घेतली तेव्हा पाणी भरपूर होते. एखाद्या मोठ्या तंत्रज्ञान संस्थेला गावात कसे बोलवावे? — सरपंच, ठाणे जिल्हा

आधी पत्ता बदला. पत्र पवईला धाडण्याऐवजी तुमच्या तालुक्याच्या किंवा शेजारच्या तालुक्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्राचार्यांना लिहा. राज्याच्या उच्च व तंत्र शिक्षण विभागाने 2016 मध्ये ‘उन्नत महाराष्ट्र अभियान’ सुरू केले ते यासाठीच. जिल्ह्यातली महाविद्यालये जिल्ह्यातले प्रश्न हाती घेतील आणि आयआयटी मुंबई त्यांना पद्धत शिकवेल, अशी ती मांडणी आहे. केंद्राचे ‘उन्नत भारत अभियान’ 2014 चे, त्याचे समन्वयन आयआयटी दिल्लीकडे. त्यात सहभागी संस्था काही गावे दत्तक घेतात. तुमचे गाव कुणाच्या यादीत आहे का, हे प्राचार्यांच्या कार्यालयात विचारले की कळते. यादीत नसले तरी पत्र देता येते.

पत्रात एकच प्रश्न मांडा. ‘गावाचा सर्वांगीण विकास करावा’ असे लिहिले की फळा-खडू घेऊन चार मुले येतील, स्वच्छतेवर पथनाट्य करतील आणि फोटो काढून जातील. ‘नळाला मार्च ते जून पाणी का येत नाही ते मोजून सांगा’ असे लिहा. सोबत चार कागद जोडा: योजनेचे अंदाजपत्रक आणि नकाशा, गेल्या 12 महिन्यांची पंपाची वीजबिले, पाणीपट्टी वसुलीचे रजिस्टर, आणि उद्भव विहिरीची (योजनेचे पाणी जिथून उचलतात तिची) नोंद. अंदाजपत्रक ग्रामपंचायतीत नसेल तर जिल्हा परिषदेच्या पाणीपुरवठा विभागाकडे मागा. टोलवाटोलवी झाली तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज आहेच.

वेळही साधली पाहिजे. महाविद्यालयाचे सत्र साधारण जुलै ते नोव्हेंबर आणि जानेवारी ते मे. तुमचा आजार उन्हाळ्याचा, म्हणून पत्र डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पोहोचायला हवे. एप्रिलमध्ये पत्र दिले तर मुले परीक्षेला आणि तुम्ही टँकरला.

मुले येईपर्यंत एक मोजणी तुम्हीच करून ठेवा. केंद्राच्या जल जीवन मिशनचा निकष माणशी रोज 55 लिटरचा. 1,500 लोकांचे 82,500 लिटर. वाटेतल्या गळतीला 15 टक्के धरले तर विहिरीतून रोज सुमारे 95,000 लिटर उचलावे लागतील. आता विहिरीकडे या. 6 मीटर व्यास म्हणजे तळाचे क्षेत्र 28 चौरस मीटरच्या आसपास. पातळी 1 मीटर खाली गेली की 28,000 लिटर गेले. एप्रिलच्या अखेरीस पंप चालवून पातळी दोन मीटर खाली न्या, पंप बंद करा, दोरीला वजन बांधून दर अर्ध्या तासाला पातळी लिहा. समजा चार तासांत अर्धा मीटर पाणी चढले. म्हणजे 14,000 लिटर, तासाला 3,500. चोवीस तास झऱ्यांचा जोर असाच राहील असे धरले तरी 84,000 लिटर होतात, आणि तो तसा राहत नाही. विहीर जसजशी भरते तसतशी भर मंदावते. गरज 95,000 ची आणि झऱ्यांचा पुरवठा फार तर 84,000 चा. ऑक्टोबरात हीच विहीर काठोकाठ असते, कारण तेव्हा शेजारची ओढ्याकाठची जमीनसुद्धा पाण्याने तुडुंब असते. ठेकेदार खोटे बोलत नाही. चाचणी चुकीच्या महिन्यात झाली, एवढेच.

आता वीजबिल तपासा. 95,000 लिटर आठ तासांत उचलायचे म्हणजे सेकंदाला 3.3 लिटर. विहिरीच्या पाण्यापासून टाकीच्या तोंडापर्यंत 60 मीटर चढ धरला आणि पंप-मोटर मिळून कार्यक्षमता 45 टक्के धरली, तर मोटर सव्वाचार किलोवॉट ओढेल. दिवसाला 34-35 युनिट, महिन्याला हजारभर. तुमच्या बिलात 1,800 युनिट दिसत असतील आणि टाकी तरी भरत नसेल, तर पंपाचा पंखा झिजलाय, फूट व्हॉल्व्ह (शोषनळीच्या तळाची झडप) पाणी परत सोडतोय किंवा पंपापासून टाकीपर्यंतची पाइपलाइन कुठेतरी फुटली आहे. युनिटला 6 रुपये धरा: महिन्याला 6,200 रुपये, घरामागे 21 रुपये. हा आकडा ग्रामसभेत फळ्यावर लिहा. पाणीपट्टी वाढवायला विरोध करणारे बहुतेकदा हिशेब न दिसल्यामुळे विरोध करत असतात.

तुम्ही ठाणे जिल्ह्यातून लिहिले आहे, म्हणून एक गोष्ट सांगायचा मोह होतो. शहापूर तालुक्यात भातसा, तानसा, वैतरणा. मुंबईचे पाणी तिथून जाते आणि त्याच तालुक्यातल्या वाड्यांना उन्हाळ्यात टँकर लागतात. शेजारच्या रायगड जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यात पावसाळ्यात 3,000 मिलिमीटरच्या घरात पाऊस, आणि मार्चमध्ये बाया डोक्यावर हंडा घेऊन ओढ्याच्या डबक्याकडे. आयआयटी मुंबईच्या ग्रामीण तंत्रज्ञान केंद्राच्या, म्हणजे ‘सितारा’च्या, विद्यार्थ्यांनी या दोन्ही तालुक्यांत गावात राहून नळयोजनांचा अभ्यास केला आहे. सांगायचा मुद्दा, तुमचा प्रश्न या लोकांना नवीन नाही.

आयआयटीत शिकलेली पोरे अमेरिकेला जातात. जनतेच्या पैशावर हे चाललंय. गावाचा नि त्यांचा काय संबंध? — वाचक, सांगली

तक्रार जुनी आहे आणि अर्धी खरी आहे. आयआयटी मुंबई 1958 ची, तेव्हा पंचवार्षिक योजना, पोलाद आणि धरणांची भाषा होती. युनेस्कोमार्फत सोव्हिएत मदत आली. संस्था देशासाठी काढली होती, कुर्ला-भांडुपसाठी किंवा रायगडासाठी नव्हे. ‘सितारा’ उभे राहिले 1985 मध्ये, म्हणजे सत्तावीस वर्षांनी, आणि तंत्रज्ञान व विकास या विषयातले एम.टेक. सुरू झाले 2007 मध्ये. उशीर झाला हे मान्यच. पण कुठली मुले कुठे जातात यावर संस्थेचा उपयोग ठरवला तर तालुक्याच्या महाविद्यालयातून पुण्याला नोकरीला जाणाऱ्यांचेही तेच म्हणावे लागेल. विचारायचे ते हे की तिथे असताना मुलांनी कोणाचा प्रश्न सोडवला, आणि त्याला परीक्षेत गुण होते का. गुण नसतील तर कुणी सोडवत नाही. मुले कुठलीही असोत.

आमचे गाव पोकरा प्रकल्पात होते. आयआयटीने पाण्याचा ताळेबंद करून दिला म्हणे. ताळेबंदात पाणी भरपूर दिसते, तरी उन्हाळ्यात प्यायला टँकर. मग कागद चुकला की आम्ही? — शेतकरी, बुलढाणा जिल्हा

दोघेही बरोबर असू शकता. ‘पोकरा’, म्हणजे नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, जागतिक बँकेच्या साहाय्याने मराठवाडा, विदर्भ आणि जळगाव मिळून 15 जिल्ह्यांत राबवला गेला. गावाचा पाण्याचा ताळेबंद कसा मांडायचा याची पद्धत आयआयटी मुंबईने बसवून दिली. पाऊस, माती, उतार, पीक हे घालायचे आणि पाणी कुठे गेले ते काढायचे.

हाताने करून बघा, म्हणजे कोडे सुटेल. 1 हेक्टरवर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 10 घनमीटर, दहा हजार लिटर. गावाची जमीन 800 हेक्टर, पाऊस 700 मिलिमीटर, तर आकाशातून आले 56 लाख घनमीटर. यातले बरेचसे खरिपाच्या पिकाने आणि मातीने घेतले, काही ओढ्याने वाहून गेले. आपल्याकडच्या काळ्या पाषाणात, म्हणजे बेसॉल्टमध्ये, भूजलात उतरणारा वाटा 7 ते 13 टक्के धरतात. झिजलेल्या खडकात कमी, भेगाळ-सच्छिद्र खडकात जास्त. 10 टक्के धरू: 5 लाख 60 हजार घनमीटर.

पिण्याला किती लागते? 1,500 लोकसंख्येला 55 लिटरप्रमाणे वर्षाला जेमतेम 30 हजार घनमीटर. भूजलाच्या वीस भागांतला एक. ताळेबंदात ‘भरपूर’ दिसते ते यामुळे. पण गव्हाला हेक्टरी 4,000 घनमीटर पाणी द्यायचे म्हटले तर 140 हेक्टर गव्हातच सगळे भूजल संपते, आणि त्याच खडकातून तुमची पिण्याची विहीरही पिते. शिवाय जमिनीखालचे पाणी थांबून राहत नाही, उताराने ओढ्याकडे सरकत राहते. त्यामुळे वर्षाचा ताळेबंद जुळतो आणि एप्रिलचा जुळत नाही. ताळेबंद वर्षाचा मागू नका, महिन्याचा मागा. आणि गावाचा एक मागू नका, वरच्या अंगाच्या आणि खालच्या अंगाच्या शिवाराचा वेगळा मागा.

हिवरेबाजारला लोक बंधारे बघायला जातात. बघायचे तर तिथली ग्रामसभा बघा. पाऊस संपल्यावर हिशेब मांडतात आणि त्या वर्षी रब्बीत काय घ्यायचे ते ठरवतात. ऊस नाही, सिंचनासाठी बोअर नाही. हे कुठल्या विद्यापीठाला करून देता येत नाही. विद्यापीठ आकडा देईल, पुढचा भांडण-तंटा तुमचाच.

पूर्वी तंत्रशिक्षण संस्था आणि गाव-शहर यांचे नाते होते की हे हल्लीचे फॅड? — निवृत्त शिक्षिका, दादर

तुमच्या दारातच उत्तर आहे. माटुंग्याची व्हीजेटीआय 1887 मध्ये भायखळ्याला सुरू झाली, गिरण्यांच्या काळात, गिरण्यांना माणसे हवी होती म्हणून. कापडतंत्र हा तिथला सुरुवातीपासूनचा विषय. माटुंग्यातच आज असलेली रसायन तंत्रज्ञान संस्था, जिला जुने लोक अजून ‘यूडीसीटी’ म्हणतात, 1 ऑक्टोबर 1933 ला मुंबई विद्यापीठाचा विभाग म्हणून निघाली. विषय दोन: रासायनिक अभियांत्रिकी आणि वस्त्र-रसायन. कापड रंगवायला रंग कुठून आणायचा, हा मुंबईचा तेव्हाचा प्रश्न होता, म्हणून. पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय 1854 चे. सरकारी बांधकाम खात्याला हाताखालचे लोक हवे होते. ते 2022 मध्ये स्वतंत्र विद्यापीठ झाले.

थोडक्यात, परिसराची गरज आधी आणि संस्था नंतर, असा क्रम होता. उलटा क्रम नंतर आला. गंमत अशी की आता पुन्हा जुन्या क्रमाकडे वळणे सुरू आहे: माटुंग्याच्या संस्थेने 2018 मध्ये मराठवाड्याचे आवार काढले ते जालन्यात, जिथे बियाण्यांच्या कंपन्या आणि सळई बनवणाऱ्या गिरण्या आहेत.

आमचे महाविद्यालय लोणेऱ्याच्या विद्यापीठाशी संलग्न आहे. नव्या अभ्यासक्रमात क्षेत्रप्रकल्प आला आहे. मुले गावात जाऊन प्रश्नावली भरून आणतात, अहवाल बांधतो, कपाटात जातो. नीट कसे करावे? — सहायक प्राध्यापक, नांदेड विभाग

लोणेऱ्याचे विद्यापीठ 1989 च्या कायद्याने झाले तेव्हा ते आपल्या आवारापुरतेच होते. 2014 च्या कायद्याने त्याला राज्यभर संलग्नता देण्याचा अधिकार मिळाला आणि 2017-18 पासून महाविद्यालये जोडली जाऊ लागली. म्हणजे रायगडातल्या माणगाव-महाडच्या मधल्या एका गावातून नांदेड-नागपूरच्या वर्गांचा अभ्यासक्रम ठरतो. याचा तोटा सगळे सांगतात. फायदा हा की एकदा अभ्यासक्रमात बसले की शेकडो मुले एकाच पद्धतीने मोजू लागतात, आणि मग तालुक्या-तालुक्यांची तुलना करता येते.

आता तुमचे काम. प्रात्यक्षिकाचे 2 श्रेयांक (क्रेडिट) म्हणजे 60 तास. चार-पाच मुलांचा गट, एक गाव, एक सेवा: नळयोजना, किंवा एसटी, किंवा शाळेचे शौचालय, किंवा दूध संकलन केंद्र. दोन सेवा घेतल्या की दोन्ही अर्धवट राहतात. पहिले 10 तास गावात न जाता घालवा: जनगणना, योजनेचे अंदाजपत्रक, भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या निरीक्षण विहिरीच्या पातळ्या. हे न करता गेलेला गट सरपंचाला ‘तुमच्या गावची लोकसंख्या किती’ विचारतो आणि तिथेच पत जाते. नंतर 25-30 तास शिवारात, तेही किमान तीन फेऱ्यांत, कारण पहिल्या फेरीत लोक तेच सांगतात जे पाहुण्याला सांगायचे असते. उरलेले तास हिशेब आणि लेखनाला.

चाळीस प्रश्नांची प्रश्नावली फाडून टाका. तिच्या जागी मोजणी. नळाखाली 20 लिटरची बादली, मोबाइलवर वेळ: टाकीजवळच्या घरात 60 सेकंदांत भरली, शेवटच्या घरात 200 सेकंदांत, म्हणजे मिनिटाला 20 लिटर आणि 6 लिटर. ही दोन मापे चाळीस उत्तरांपेक्षा जास्त बोलतात. सकाळी पाणी सुटल्या-सुटल्या आणि बंद होण्याच्या आधी, दोन्ही वेळा घ्या. व्हॉल्व्हमन कोणता व्हॉल्व्ह किती वेळ उघडतो, त्याच्याबरोबर फिरून लिहा. गावातल्या पाण्याचे खरे वेळापत्रक त्याच्या डोक्यात असते, नकाशात नसते.

इथे एक चूक जवळजवळ प्रत्येक गट करतो. टाकी आणि वस्ती यांच्या उंचीतला फरक मुले मोबाइलच्या जीपीएसवरून घेतात. फोन उंची दहा-वीस मीटरने सहज चुकवतो. टाकीतल्या पाण्याची पातळी जमिनीपासून 12 मीटर, आणि शेवटची वाडी टाकीच्या पायथ्यापेक्षा 9 मीटर उंचावर असेल तर हाताशी राहतात 3 मीटर. त्यातले बरेचसे पाइपच्या घर्षणात जातात आणि नळाला धार येत नाही. फोनची चूक याच्या तिप्पट किंवा त्याहून जास्त. तुमच्या स्थापत्य विभागात ऑटो लेव्हल (उंचीतला फरक मोजायचे दुर्बिणीचे यंत्र) धूळ खात असेल, ती काढा. नसेल तर गवंड्याकडची पाणी भरलेली पारदर्शक नळी आणि दोन पट्ट्या. दिवस लागेल, पण माप सेंटीमीटरात येईल. नळीत हवेचा बुडबुडा राहिला की माप चुकते, म्हणून दोन्ही तोंडे एका जागी धरून पाणी सम आहे का ते आधी पाहायचे.

अहवाल दोन हवेत. विद्यापीठाला तुमचा नेहमीचा. गावाला मराठीत दोन पाने, आकडे ठळक, शेवटी कोणी काय करायचे: ग्रामपंचायतीने, पाणीपुरवठा विभागाने, महावितरणने. हे गावात वाचून दाखवल्याशिवाय गुण द्यायचे नाहीत, असा नियम करा. ग्रामसभेत एखादा आजोबा उठून ‘ती विहीर आमच्या बांधावरची, तिचा व्यास तुम्ही चुकवलाय’ म्हणतो. त्याच्यापुढे उत्तर देणे ही बाह्य परीक्षकापेक्षा कडक तोंडी परीक्षा आहे.

आणि दरवर्षी नवे गाव घेऊ नका. तेच गाव, पुढची तुकडी, मागच्या तुकडीच्या आकड्यांवरून. तीन वर्षांनी तुमच्याकडे असे काही असेल जे जिल्हाधिकारी कार्यालयातही नसते.

कोल्हापूरला छोटी फाउंड्री आहे, ग्रे आयर्नच्या कास्टिंग. ब्लोहोलमुळे, म्हणजे धातूत अडकलेल्या वायूच्या पोकळ्यांमुळे, माल परत येतो. विद्यापीठाकडे गेलो तर पेपरसाठी आकडे घेऊन जातील, उपाय मिळणार नाही अशी भीती वाटते. — उद्योजक

भीती रास्त आहे, पण चूक बहुधा दोन्हीकडून होते. ‘रिजेक्शन जास्त आहे, काहीतरी करा’ एवढेच घेऊन गेलात तर त्यांच्याकडून पेपरच निघणार. जाण्याआधी एक महिन्याचा तक्ता करा. प्रत्येक परत आलेल्या कास्टिंगपुढे हीट नंबर, दोषाचा प्रकार, कास्टिंगवरची जागा, मोल्डिंगची वेळ, वाळूतला ओलावा, वाळूचे तापमान, ओतण्याचे तापमान. दोषाची जागा फोटोत खडूने दाखवा.

महिन्याभरात बऱ्याचदा विद्यापीठाची गरजच उरत नाही. ओल्या वाळूत ओलावा साधारण 3 ते 4.5 टक्के असावा लागतो. सकाळच्या पाळीत तो बरोबर असतो. दुपारी तीच वाळू फिरून गरम परत येते, मिक्सरवाला हाताला कोरडी लागली म्हणून पाणी वाढवतो. शिवाय गरम वाळूची वाफ थंड पॅटर्नवर (साच्याच्या नमुन्यावर) आणि कोअरवर (कास्टिंगमधली पोकळी घडवणाऱ्या वाळूच्या गाभ्यावर) पाणी होऊन बसते. धातू ओतला की ते पाणी पुन्हा वाफ होऊन आत घुसते. तक्त्यात ब्लोहोल दुपारी अडीचनंतरच्या साच्यांत जास्त दिसले तर औषध कळले: वाळू थंड करायला जागा किंवा कूलर, आणि ओलावा हाताच्या अंदाजाने न घेता दर तासाला मीटरने. दोष वेळेवर अवलंबून नसेल आणि कास्टिंगच्या एकाच कोपऱ्यात येत असेल, तर मात्र गेटिंग (धातू साच्यात नेणाऱ्या वाटा) आणि व्हेंटिंगचा (वायू बाहेर सोडणाऱ्या वाटांचा) विषय आहे. तिथे विद्यापीठाचे सिम्युलेशन कामाला येते. आयआयटी मुंबईची ‘ई-फाउंड्री’ ही ऑनलाइन प्रयोगशाळा लहान फाउंड्रीवाल्यांनाही वापरता येते. मेथडिंग (साच्याची आणि ओतण्याची रचना) करणाऱ्या तुमच्या माणसाला तिथले धडे आधी करू द्या.

स्थानिक महाविद्यालयाशी काम करायचे तर अंतिम वर्षाचा एक विद्यार्थी आठवड्यातून दोन दिवस शॉप फ्लोअरवर, सहा महिने. एक पानाचा करार करा: ग्राहकाचे नाव आणि ड्रॉइंग बाहेर जाणार नाही, दोषाचे आकडे मात्र छापता येतील. बहुतेक प्राध्यापकांना एवढे पुरते.

मी जर्मनीत आखेनजवळ काम करतो. इथे तंत्र विद्यापीठाने सगळा भाग उभा धरला आहे. आपल्याकडे काय उचलता येईल? — अभियंता

आखेनचे तंत्र विद्यापीठ 1870 चे, आणि तो भाग कोळशाच्या खाणींचा. तिथली शेवटची खाण 1997 मध्ये बंद झाली. आधाराला विद्यापीठ होते. दुसरीकडे विद्यापीठातूनच निघालेल्या कंपनीची विजेची टपालगाडी जर्मन टपालसेवेने घेतली, मग ती कंपनीच 2014 मध्ये विकत घेतली. हे सगळे उचलायला पैसा लागतो. एक गोष्ट फुकट आहे: मास्टर्सचा प्रबंध कंपनीत बसून, कंपनीच्या प्रश्नावर. आणि तिथे अभियांत्रिकीचा प्राध्यापक होण्याआधी उद्योगात काही वर्षे काढलेली असणे सर्रास असते. आपल्याकडे पीएच.डी.हून थेट वर्गावर. हा फरक तुम्ही रोज बघत असालच.

पंचायत समितीकडून आमच्या गावात सभागृहाचे काम चालू आहे. काँक्रीटची तपासणी अभियांत्रिकी महाविद्यालयातून झाली, अहवाल ‘उत्तम’. स्लॅबला मात्र चार महिन्यांत भेगा. प्रयोगशाळा विकली गेली का? — ग्रामपंचायत सदस्य, सातारा जिल्हा

प्रयोगशाळेने तिच्या टेबलावर आलेला क्यूब, म्हणजे काँक्रीटचा ठोकळा, दाबला. तो क्यूब तुमच्या स्लॅबचा होता का, हे तिला कळायला मार्ग नाही. गफलत तिथे होते. ठेकेदार चार घमेली वेगळी, जास्त सिमेंटची कालवतो, त्याचे क्यूब भरतो. अहवाल खरा असतो, नमुना खोटा.

म्हणून नमुना तुम्ही घ्या. स्लॅब चालू असताना, मिक्सरमधून उतरलेल्या मालातून, मधल्या एखाद्या घाणीचा (एका वेळी कालवलेल्या मालाचा). पहिली आणि शेवटची सोडून. 150 मिलिमीटरचे साचे, एका नमुन्याला तीन क्यूब. 6 ते 15 घनमीटर कामाला दोन नमुने, 16 ते 30 ला तीन. साचा तीन थरांत भरायचा, प्रत्येक थराला सळईने 35 ठोके. पृष्ठभाग ओला असतानाच त्यावर तारीख आणि पंचायतीची खूण खिळ्याने कोरा, आणि एक दिवसाने साचा उघडा. क्यूब ठेकेदाराच्या शेडमध्ये ठेवू नका. शाळेच्या टाकीत पाण्यात, 28 दिवस. मग दोन सदस्यांनी स्वतः महाविद्यालयात न्यायचे आणि दाबताना समोर उभे राहायचे. एम-20 काँक्रीटचा क्यूब 450 किलोन्यूटनच्या आत फुटता कामा नये, साधारण 45 टनांचा भार. तीन क्यूबांतला एखादा सरासरीपासून 15 टक्क्यांहून जास्त ढळला तर तो नमुनाच बाद; भरण्यात किंवा मुरवण्यात चूक झाली आहे.

तुमच्या चार महिन्यांच्या भेगांना मात्र आता क्यूब उपयोगाचा नाही. भेगा बारीक, जाळीसारख्या असतील तर बहुधा पहिल्या आठवड्यात पाणी मारले नाही, उन्हाने पृष्ठभाग आक्रसला. ताकदीला मोठा धोका नसतो, पण पाणी मुरून सळई गंजते, म्हणून भरून घ्याव्यात. भेग सरळ, तुळईला समांतर आणि खालूनही दिसत असेल, तर सळई कमी आहे किंवा जागेवर नाही. वरची सळई ओतताना पायाखाली दबून खाली गेली की असेच होते. अशा वेळी महाविद्यालयाला लेखी मागणी करा: रिबाउंड हॅमरची (पृष्ठभागाचा कठीणपणा पाहणारी) चाचणी, सळईची जागा शोधणारा कव्हर मीटर, आणि शंका राहिली तर तीन कोअर (स्लॅबमधून ड्रिलने काढलेले गोल तुकडे). कोअर कुठून काढायचे ते ठेकेदाराच्या माणसाला दाखवू देऊ नका. भेगेला आडवी, पातळ काचेची पट्टी प्लास्टरने चिकटवून तारीख लिहून ठेवा. महिन्याभरात काच तडकली तर भेग अजून चालू आहे, आणि तोवर सभागृहात लग्न लावू नका.